आईच्या हाताचं माप

२१ फेब्रुवारी

मी रोज लिहीत नाही, डोकं तापलं किंवा मन भरलं की लिहिते. आज दुकान उघडलं. कंदिलांचा सण संपून दोन दिवस झाले नाहीत तोच गिऱ्हाईक दारात. एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन आले होते, दीर्घायुष्याचे कपडे शिवायला. जिवंतपणी शिवून पेटीत ठेवले की आयुष्य वाढतं म्हणतात, अंगावर चढतात ते मेल्यावर, एकदाच. आजीबाई स्टुलावर अशा बसल्या होत्या, जणू लग्नाचा शालू घ्यायला आल्यात.

माप घेताना नेहमीप्रमाणे फीत लावली आणि दोन बोटं वाढवून आकडा बोलले. जित्या माणसाच्या अंगाचा उघडा आकडा त्याच्या कानावर घालायचा नाही, आयुष्य तेवढ्यावरच थांबतं, हे शिवण शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी मला पहिल्याच महिन्यात हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. वाढवलेलाच बोलायचा, तोच कापायचा, तोच ध्यानात ठेवायचा. आजीबाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढे लांब हात आहेत होय माझे?" मी म्हटलं, "अजून वाढतील." हसत गेल्या बिचाऱ्या. मुलगा मात्र डोळे पुसत होता.

दादा अजून वरच्या वाडीत आईकडेच आहे. सुट्टी संपली तरी शीआन शहरात परत जायचं नाव नाही. "आई, माझ्याबरोबर चल" हे टुमणं लावलंय त्यानं. आई कसली ऐकते. अप्पांची कबर घरामागे आहे, कोंबड्या आहेत, डुक्कर आहे. आणि दादाचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे जाऊन ती काय करणार, खिडकीतून माणसं मोजणार?

२४ फेब्रुवारी

आई पडली. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि ओट्यावरच्या गोठलेल्या पाण्यावरून घसरली. डावी नडगी मोडली. दादानं फोन केला तेव्हा मागे तिचं कण्हणं ऐकू येत होतं. रात्रभर बर्फ पडलंय, घाट बंद आहे, दोन दिवस गाडी खाली येणार नाही. आरोग्यसेवकानं फळ्या बांधून सुई दिली आहे.

फोन ठेवता ठेवता दादा म्हणाला, "या वेळी मी कुणाचं ऐकणार नाही, रुइलिएन. पाय नीट जुळला, गुडघा वाकवून उठता-बसता आलं, तर राहू दे तिला वाडीत. नाही तर मी घराला कुलूप लावतो." त्याचंही खोटं नाही. तिथला संडास उकिडवं बसायचा, चूल जमिनीवर, विहीर उतारावर. गुडघा वाकला नाही तर त्या घरात तिला एक दिवस निघणार नाही.

माझ्याकडे ठेवलं असतं, पण दुकानाच्या माळ्यावर शिडीनं चढावं लागतं. मी फोनवरून आईला ओरडून सांगितलं, "आई, मी तुला घरी परत पाठवते, घाबरू नकोस." ती म्हणाली, "डुकराला घातलं का बघ म्हणावं."

२५ फेब्रुवारी

तालुक्याच्या इस्पितळात जाऊन आले. हाडांचे डॉक्टर फान, वय तिशीच्या आसपास, कान मोठे, बोलणं मऊ. म्हणाले, हाडाच्या पोकळीतून रॉड घालावा लागेल. पण रॉड इस्पितळात नसतात. शहरातून कंपनीचा माणूस पेटी घेऊन येतो, फक्त गुरुवारी, आणि सांगितलेल्या लांबीचे तेवढेच आणतो. आज संध्याकाळपर्यंत लांबी कळवायला हवी, नाही तर आणखी आठवडा थांबा.

"दुसऱ्या पायाचं माप घेतलं असतं," ते म्हणाले. पण आईचा उजवा पाय धरणाच्या कामावर मोडला होता, मी जन्मायच्या आधी. हाडवैद्यानं कसाबसा जुळवला, तो आखूड आणि वाकडा आहे. उंचीवरून अंदाज घ्यावा तर पाठीत बाक आलाय.

मग डॉक्टरांनी स्वतःचा हात कोपरात वाकवला. "कोपराच्या टोकापासून करंगळीच्या मुळाच्या गाठीपर्यंत. माणसाचं हे अंतर आणि नडगीच्या रॉडची लांबी जवळजवळ सारखी येते. तिथे कुणी असेल तर फोनवरून मोजायला सांगा."

मला हसूच आलं. म्हटलं, "कशाला दादाला फीत धरायला लावता? तो शर्टाचं बटण लावू शकत नाही. तीस वर्षं मी हेच करतेय. मागच्या अधिक महिन्यात आईचे कपडे मीच शिवलेत, बाहीला कोपरावर सांधा देते, म्हणून कोपर ते गाठ हेच माप घेते. बत्तीस."

"नक्की?"

"डॉक्टर, तुमच्या सुरीचं काम मी विचारते का तुम्हाला?"

ते ओशाळले. रॉड दीड-दीड सेंटिमीटरच्या फरकानं येतात म्हणे. साडेएकतीसचा लिहिला, आणि एक पायरी वर, एक पायरी खाली, म्हणजे तेहतीस आणि तीस. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीत माझी विद्या उपयोगी पडली याचं मला बरं वाटलं. लोक मला मढ्याची शिंपीण म्हणतात. म्हणू देत.

घरी आल्यावर दादाला फोन केला, आकडा सांगितला. त्यानं आईला मोठ्यानं ऐकवलं, "बघ, तुझी लेक तुझं माप पाठ करून बसली आहे. बत्तीस म्हणे." आई काहीतरी पुटपुटली. दादा म्हणाला, हसतेय.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी आई आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत, गवतावर तीन रजया आणि रजयांच्या आत आई. तोंड निळं पडलेलं. मला बघून पहिलं वाक्य, "तू जेवलीस का?" मला हुंदका आला, तो मी दादावर ओरडून गिळला.

डाव्या हाताला सलाईन, उजव्याला पट्टी, पडताना खरचटलं होतं. फान डॉक्टर फीत घेऊन उभे राहिले होते, पण पट्टीला हात लावताच आई किंचाळली. मी म्हटलं, "राहू द्या हो, किती छळाल. सांगितलंय ना मी." त्यांनी फीत खिशात घातली. उद्या सकाळी ऑपरेशन.

२८ फेब्रुवारी

सकाळी आईला आत नेलं.

आत नेल्यावर तासाभरानं डॉक्टर तोंडावरचा मास्क तसाच ठेवून बाहेर आले. म्हणाले, हाडात तार घालून मोजलं, साडेअठ्ठावीसचा रॉड लागतो. पेटीतला सगळ्यात लहान तीसचा. तो घातला तर वरचं टोक गुडघ्याखाली बाहेर राहील. किंवा जखम शिवून टाकायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा.

मी म्हटलं, "साडेअठ्ठावीस कसं होईल? माझ्या मापात एवढा फरक पडत नाही. तुमची तार वाकली असेल. पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलं, मावशी."

दादा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "एकोणऐंशी वर्षांची आहे ती. पुन्हा भूल द्यायची? नंतर उठलीच नाही तर?" डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, ते शक्य तेवढा खोल बसवतील. दादानं सही केली. मीही मान हलवली, कारण माझं माप बरोबर आहे याची मला खात्री होती. आत गेल्यावर कळेलच त्यांना, असं वाटत होतं.

आई शुद्धीवर आली आहे. पाणी मागतेय.

६ मार्च

गुडघ्याखाली टेंगूळ दिसतं. सुजेचं असेल म्हणून वाट पाहिली, सूज उतरली तसं ते अधिकच वर आलं. बोटाच्या पेराएवढं. पाय थोडा वाकवला की आई ओठ चावते.

आज फान डॉक्टर आले, आईच्या हातावरची पट्टी निघाली होती. त्यांनी गुपचूप फीत लावली. एकोणतीस. मला दाखवलं. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं अंग आटतं, आठ दिवस अन्न नाही पोटात. ते म्हणाले, "मांस आटतं मावशी, हाड आटत नाही." शिकलेली माणसं अशी शब्दात पकडतात. माझ्या मनातून तो माणूस उतरला.

टोक काढता येणार नाही का विचारलं. हाड पक्कं जुळल्यावर, वर्षभरानं, पूर्ण रॉडच काढावा लागेल. तोवर गुडघा आखडला तर सुटेल याची खात्री नाही, हेही त्यांनी सांगितलं.

वर्ष. आई पुढच्या महिन्यात ऐंशीची होते.

११ मार्च

तक्रारीचा अर्ज दिला. दादानं सांगितलं, मी लिहिला. रॉड चुकीचा मागवला, चुकीचा घातला, वयस्कर बाईचा पाय निकामी केला. इस्पितळाच्या साहेबांच्या खोलीबाहेर मी जरा मोठ्यानंच बोलले. दहाबारा लोक जमले. एक बाई म्हणाली, बरोबर आहे तुमचं, हल्ली पोरांच्या हातात सुऱ्या देतात. फान डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते मापाबद्दल काही बोलतील म्हणून मी तयार होते. ते काहीच बोलले नाहीत. मला तर ते गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटलं.

आईला कळलं तेव्हा ती चिडली. "त्या पोराला कशाला त्रास देतेस? मागे घे अर्ज." मी म्हटलं, तू यात पडू नकोस.

२० मार्च

फान डॉक्टरांना सहा महिन्यांसाठी डोंगरातल्या दवाखान्यावर पाठवलं. ऑपरेशन बंद, खोकला-ताप बघायचा. दादा म्हणाला, बरी अद्दल घडली. मलाही आनंद व्हायला हवा होता.

आईला आज कुबडीवर उभं केलं. उभी राहते छान. उकिडवं बसायला सांगितलं आणि ती अर्ध्यावर थांबली. खाली जाईना, वर येईना. दादानं काखेत धरून उचललं. ती म्हणाली, "उद्या जमेल." कालही हेच म्हणाली होती.

२७ मार्च

आज दुकानात एक मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आली. बँकेत कामाला असते, चष्मा, चटपटीत. मी फीत लावून बोलत होते, ती आकडे मोबाइलवर टिपत होती. मध्येच म्हणाली, "काकू, फितीवर सव्वीस आहे. तुम्ही एकोणतीस म्हणालात."

मी म्हटलं, "मग? तसंच म्हणतात. उघडा आकडा थोडाच सांगायचा?"

"पण मग तुम्हाला खरा कसा आठवतो?"

"खरा कशाला आठवायचा? बाही लांबच कापायची असते, पंजा झाकला पाहिजे. मी खरा ठेवतच नाही डोक्यात. कुणाचाच नाही."

हे मी माझ्या तोंडानं बोलले आणि फीत गुंडाळायला लागले. आजोबा हात पुढे करून तसेच उभे. मुलगी विचारतेय, काकू, बरं वाटत नाही का. मी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बत्तीस. बत्तीसातून दोन बोटं वजा. एकोणतीस.

कोणी मारलं तरी मला तिचा दुसरा आकडा सांगता आला नसता. मला तो कधी ठाऊकच नव्हता. आणि मी त्या माणसाला सुरीचं काम शिकवत होते.

२८ मार्च

पहिल्या बसनं डोंगरातल्या दवाखान्यात गेले. फान डॉक्टर शेगडीपाशी बसून आंबवलेल्या भाजीच्या पाण्यातल्या शेवया खात होते. मला बघून उठले, बाक पुसला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मास्तरीणबाई, दोन बोटं, सगळं. रडायचं नाही ठरवलं होतं, पण रडले.

त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "असंही माप असतं हे मला माहीत नव्हतं. पण तुम्ही सांगितलंत आणि मी लिहून घेतलं, ते चुकलं. पेशंट माझ्यासमोर आला तेव्हा एका हाताला सलाईन, एका हाताला पट्टी. आई ओरडल्या आणि मी लगेच फीत खिशात घातली. सलाईनच्या हाताचं माप घेता आलं असतं की. सलाईन मनगटावर होतं."

"मी अर्ज मागे घेते."

"बघा. मला वाचून दाखवला तेव्हा साहेब म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे." आणि हसले. त्या हसण्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना इस्पितळात गेले. साहेब म्हणाले, कागद वरच्या कचेरीत गेला, आता त्यांच्या हातात नाही. वाटल्यास दुसरा अर्ज लिहा. तिथेच बसून लिहिला. कुणीही तो मोठ्यानं वाचला नाही.

२ एप्रिल

आईला सांगायला पाच दिवस लागले मला. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. पाय लांब केलेला, टेंगूळ विजारीतून दिसत होतं. मी म्हटलं, आई, चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती. तुझं माप मी वाढवून सांगितलं. मुद्दाम नाही गं.

ती लसूण सोलतच राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दादानं बत्तीस म्हटलं ना, तेव्हाच. कपडे शिवलेस त्या दिवशी मी फीत बघितली होती. एकोणतीस होतं. तू बत्तीस म्हणालीस आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, पोरगी माझ्यासाठी आयुष्य मागतेय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? दादा शेजारी होता, फोन होता."

"तू मागितलेलं मी कसं कमी करू? माझ्या तोंडानं?" तिनं पुढची पाकळी घेतली. "आणि मला काय ठाऊक ते रॉडला लागणार म्हणून. मला वाटलं, डॉक्टरच्या कागदावर सुद्धा बत्तीसच लागू दे."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तिला पोटाशी धरायचं होतं. दोन्हीतलं काही जमलं नाही. मी तिच्या हातातला लसूण घेतला आणि सोलायला लागले.

५ एप्रिल

पूर्वजांच्या कबरी साफ करायचा दिवस. आईला अप्पांकडे जायचं होतं. दादानं पाठीवर घेतलं. कबरीपुढे सगळे गुडघे टेकतात, तिला टेकता येईना. ती उभ्यानं अप्पांना म्हणाली, "रागावू नका हं, पाय ऐकत नाही." शीआनहून आलेल्या वहिनीनं तोंड फिरवलं. मी गवत उपटत राहिले, जिथे नव्हतं तिथलंही.

डुक्कर शेजाऱ्यांना दिलं. कोंबड्या दिल्या. दादानं घराला कुलूप लावलं, किल्ली मला दिली. आई त्या वेळी ट्रॅक्टरवर बसली होती आणि दुसरीकडे बघत होती.

मी वचन दिलं होतं तिला. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही.

६ एप्रिल

उद्या आई शीआनला जाणार. जुन्या विजारी टेंगळावर घासतात, म्हणून एक सैल विजार रात्रीत शिवून द्यायची ठरवली. दुपारी तिला दुकानात आणली, कुबडीवर उभी केली आणि कमरेपासून घोट्यापर्यंत फीत लावली. आई मान खाली घालून वाट बघत होती. मी आकडा बोलायची वाट.

मी गेल्या आठवड्यात स्वतःशी शपथ घेतली होती, यापुढे फीत जे दाखवेल तेच बोलायचं. कुणाच्या जिवाशी पुन्हा खेळ नको.

म्हटलं, "चौऱ्याऐंशी."

आईनं मान वर केली. "एवढंच?"

"फितीवर आहे तेच सांगितलं, आई."

"बरं." ती खिडकीकडे बघायला लागली. तिकडेच बघत म्हणाली, "आता जास्त दिवस नाहीत म्हणायचे."

मी पुन्हा फीत लावली, घाईघाईनं, वाकडीतिकडी. म्हटलं, "थांब, थांब, चुकलं माझं. सत्त्याऐंशी आहे. हे बघ, सत्त्याऐंशी."

तिनं माझा फीत धरलेला हात बाजूला केला, अगदी हळू.

"राहू दे गं," ती म्हणाली. "ऐकलं मी."